सावित्रीमाई आणि प्लेगची साथ

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी आम्हीही चार ओळी लिहाव्यात असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. आम्ही आपले गिरणी कामगार. शाळा अर्धवट सुटली. पुढे जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा लिहिण्यात काही चूकभूल झाली तर धम्मबांधवांनी आणि भगिनींनी सांभाळून घ्यावे. विषय मात्र आम्ही स्वतः निवडलेला आहे, आणि का निवडला ते शेवटी सांगणार आहोत.

आपल्या विहारात परमपूज्य बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी क्रांतीज्योती सावित्रीमाई फुले यांची तसबीर आहे. दरवर्षी ३ जानेवारीला आपण तिला हार घालतो. आपल्या पोरी भाषणे करतात. पहिली शिक्षिका, अंगावर शेण झेलले, दगड झेलले, हे सगळे त्या तोंडपाठ सांगतात आणि आपण टाळ्या वाजवतो. पण सावित्रीमाई कशाने गेल्या असे विचारले, तर लहान मुलेच काय, मोठी माणसेही गडबडतात. त्या म्हातारपणाने अंथरुणावर गेल्या नाहीत. त्या प्लेगने गेल्या, आणि तो प्लेग त्यांना आपल्या वस्तीतल्या एका लेकराला उचलून आणताना लागला. म्हणून त्यांचे सगळे चरित्र थोडक्यात सांगून आम्ही त्या शेवटच्या महिन्यांपाशी जरा जास्त थांबणार आहोत.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी झाले. जोतीराव तेरा वर्षांचे. त्या काळी बाईने अक्षर शिकणे हे पाप समजले जाई, आणि खालच्या म्हटलेल्या जातींना तर बाप्यांनाही पाटी बंद होती. जोतीरावांनी घरातच त्यांना लिहायला वाचायला शिकविले. पुढे त्यांनी शिकविण्याचेही शिक्षण घेतले. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीमाई तिथे शिकवू लागल्या. सनातन्यांनी काय काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. दबाव एवढा वाढला की १८४९ साली सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढले. त्या वेळी उस्मान शेख यांनी आपल्या घरात आसरा दिला, आणि त्यांच्या घरातल्या फातिमा शेख याही सावित्रीमाईंच्या बरोबरीने शिकवू लागल्या. महार-मांगांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या. याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली ज्ञानोदयात छापून आला. शिकवायला सुरुवात करून सात वर्षे झाली नाहीत तोच आपल्यातली पोर स्वतःचे दुःख स्वतः लिहू लागली, ही सावित्रीमाईंची कमाई.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. सावित्रीमाईंनी आपल्या माणसांना नुसते शिकविले असे नाही, तर जवळ केले. शिकविणे दोन हातांवरूनही होते. जवळ करण्याला शिवावे लागते. हा फरक त्यांच्या सगळ्या आयुष्यात दिसतो.

१८५६ साली त्या आजारी पडून माहेरी नायगावला विश्रांतीला गेल्या होत्या. तिथून ऑक्टोबर महिन्यात त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. भावाने त्यांना बोल लावला होता. महार-मांगांसाठी तुम्ही नवराबायको जे करता ते धर्माला सोडून आहे, जातीने टाकले तेव्हा आता जातीच्या रीतीने वागावे, असा त्याचा सूर. सावित्रीमाईंनी त्याला तिथल्या तिथे उत्तर दिले. तू शेळ्या-गाई कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग माणसाला का शिवत नाहीस, असा त्यांचा रोख होता. आजारी बाई, माहेरचा आधार, समोर सख्खा भाऊ. गप्प बसली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. पण त्या गप्प बसल्या नाहीत.

१८६८ साली जोतीरावांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आज नळ सोडला की पाणी येते, त्यामुळे या घटनेचे मोल कळत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना विचारले असते तर कळले असते. वर कुणीतरी ओतील आणि खाली ओंजळ धरायची, हीच तेव्हाची रीत. त्याच १८६८ साली नायगावहून लिहिलेल्या एका पत्रात सावित्रीमाईंनी गावातली हकीगत कळविली. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार समाजातील पोर यांचे संबंध जुळले, पोर गरोदर राहिली. गावकऱ्यांनी दोघांची धिंड काढली आणि जिवे मारण्याची तयारी केली. सावित्रीमाई धावत गेल्या, आडव्या पडल्या, इंग्रज सरकारचा धाक घातला आणि दोघांचे प्राण वाचविले. दोघांना त्यांनी पुण्याला जोतीरावांकडे पाठविले.

त्याआधी १८६३ साली फसलेल्या विधवांसाठी त्यांच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले होते. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. त्याला त्यांनी डॉक्टर केले. हा डॉक्टर मुलगा पुढे आपल्या कथेत येणार आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला त्यातही सावित्रीमाई पुढे होत्या. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्या जुन्नर भागात फिरल्या. ओतूरहून एप्रिल १८७७ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी उपाशी माणसे, मरणारी जनावरे आणि या संकटातही लुबाडणारे सावकार यांची हकीगत कळविली आहे. दुष्काळ सर्वांवर पडतो, पण मरतो कोण, हे त्यांनी तेव्हाच डोळ्यांनी पाहिले होते.

१८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला. तरी त्यांनी डाव्या हाताने पुस्तक लिहिले आणि सावित्रीमाईंनी त्यांची सेवा केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलाने टिटवे धरण्याला भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे धरले, पुढे चालल्या आणि अग्नी दिला. त्या काळात बाईने असे करणे म्हणजे काय, ते आम्ही वेगळे सांगायला नको. १८९३ साली सासवडला सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १८९५ साली त्यांची सून वारली. आता वय चौसष्ट. एखादी दुसरी बाई म्हणाली असती, पुष्कळ झाले.

आणि मग प्लेग आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगास यांनी पहिला रोगी ओळखला. जांघेत, काखेत गाठ यायची, सणसणून ताप यायचा आणि चार-सहा दिवसांत खेळ खलास. उंदीर पडू लागले की माणसांना धडकी भरायची. उंदरावरच्या पिसवेमुळे हा रोग माणसाला होतो हे १८९८ साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत काम करताना दाखविले, पण तेही लोकांना लगेच पटले नाही. १८९६-९७ साली तर कुणालाच काही ठाऊक नव्हते. हाफकिन साहेबांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली, पण ती गरिबाच्या दंडापर्यंत पोचायला अवकाश होता.

आता कुणी म्हणेल, रोगाला जात कळत नाही. खरे आहे. पिसू चावताना जात विचारत नाही. पण उंदीर कुठे जास्त? ज्या खोलीत उजेड नाही, जमिनीवर दहा माणसे ओळीने निजतात, बाहेर गटार तुंबलेले, तिथे. आणि अशा खोलीत राहतो कोण? मलबार हिलच्या बंगल्यातल्या साहेबांत प्लेगने मेलेले थोडे. चाळीतल्या, झोपडीतल्या माणसांचे हाल मात्र विचारू नका. पुढे पाव शतक ही साथ देशभर फिरत राहिली आणि एक कोटीच्या वर माणसे तिने नेली.

पळायची गोष्ट घ्या. मुंबई सव्वाआठ लाखांची. १८९७ च्या सुरुवातीला जवळजवळ निम्मी मुंबई पळाली. ज्याचे गावी घर आहे, शेत आहे तो पळाला. गिरण्या ओस पडल्या. एरवी कामगाराला कस्पटासमान लेखणारे गिरणीवाले नाक्यानाक्यावर उभे राहून रोजच्या रोज जादा मजुरीची बोली लावू लागले. आमची किंमत मालकाला कधी कळते ते बघा. आणि महापालिकेच्या साहेबांना मोठी धास्ती होती ती मैला उचलणारे आणि झाडूवाले पळून जातील याची. ते गेले तर शहर सडेल. म्हणजे ज्याला गावाबाहेर ठेवायचे त्याच्यावरच गावाचे आरोग्य उभे. त्याने पळायचे नाही, त्याने आजारीही पडायचे नाही.

खेड्यात आणखी वेगळे. प्लेग आला की गाव उठून माळावर झोपड्या घालून राहायचे. पण ज्याची जमीन त्याचा माळ. महारवाड्याने कुठे जायचे? पाण्याची विहीर आपली नाही. वैद्य नाडी बघायला येणार नाही, आला तर लांबूनच. मेलेले ढोर ओढायचे, मर्तिकाचा निरोप परगावी पोचवायचा, ही कामे साथीतही सुटत नव्हती. रोग एकच, पण तो गावात वेगळा आणि गावकुसाबाहेर वेगळा.

याच साथीत आम्हा गिरणी कामगारांचे फार मोठे नुकसान झाले. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली, दीनबंधू चालविले. १८९० साली कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. आज सगळा देश रविवारी आराम करतो, पण त्यांचे नाव किती जणांना माहीत आहे? लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगने गेले. त्यानंतर साधारण एका महिन्याने सावित्रीमाई गेल्या. सत्यशोधक चळवळीवर हा केवढा आघात होता, विचार करा.

पुण्यात १८९६ च्या अखेरीस साथ शिरली आणि फेब्रुवारी १८९७ पर्यंत तिने जोर धरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. सरकारला कुठल्याही घरात शिरण्याचा, माणसाला उचलून नेण्याचा अधिकार मिळाला. ज्यांना शक्य होते ते पुणे सोडून निघाले. निम्मे शहर रिकामे झाले म्हणतात. या वेळी सहासष्ट वर्षांच्या सावित्रीमाईंनी नेमके उलटे केले. यशवंतराव तेव्हा लष्करात डॉक्टर होते. त्यांना त्यांनी बोलावून घेतले. एकुलता एक मुलगा, तोही बापामागे राहिलेला. कुठलीही आई अशा वेळी पोराला साथीपासून लांब ठेवील. या माउलीने त्याला साथीत ओढले. पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला, यशवंतरावांच्या सासरच्या ससाणे मंडळींच्या मळ्यात, मोकळ्या रानात त्यांनी दवाखाना उघडला. सावित्रीमाई स्वतः रोग्यांना आणीत, त्यांची शुश्रूषा करीत. आलेल्याची जात तिथे विचारली जात नव्हती.

पुण्याजवळ मुंढवा गाव आहे. त्या गावाबाहेरच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाड यांचा मुलगा पांडुरंग याला प्लेग झाल्याचे सावित्रीमाईंना कळले. गाडी कोण देणार? महारवाड्यातल्या प्लेगच्या पोराला गाडीत घालायला कोण तयार होणार? सावित्रीमाई स्वतः गेल्या. पोराला पाठीवर घेतले आणि चालत दवाखान्यात आणले. सहासष्ट वर्षांची म्हातारी बाई, फेब्रुवारी-मार्चचे ऊन, पाठीवर तापाने फणफणलेले पोर. त्या पोराचा श्वास त्यांच्या मानेवर, त्याचा घाम त्यांच्या लुगड्याला. ज्याची सावली अंगावर पडू नये म्हणून पुण्यात पेशवाईत नियम होते, त्याला त्यांनी अंगावर वाहून नेले. ही मोठी क्रांती त्यांनी कुठलेही भाषण न करता केली.

त्यातच त्यांना प्लेग लागला. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांची प्राणज्योत मालवली. पुढे काही वर्षांनी यशवंतरावही प्लेगनेच गेले. एका घरातली दोन माणसे, आई आणि मुलगा, दुसऱ्यांच्या रोगाला सामोरी जाऊन गेली.

आता इतिहास कसा लिहिला जातो ते बघा. आम्ही शाळेत पुण्याच्या प्लेगचा धडा शिकलो. त्यात रँड साहेब होता, गोऱ्या सोजिरांनी घरे तपासली, देवघरात बूट घालून शिरले, आणि २२ जून १८९७ रोजी चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे सगळे होते. सोजिरांचा जुलूम झाला हे खरेच आहे, आम्ही नाकारत नाही. पण त्या धड्यात मुंढव्याचा महारवाडा नव्हता. त्या धड्यात सावित्रीमाई नव्हत्या, लोखंडे नव्हते. ज्यांच्या देवघरात बूट शिरला त्यांचा अपमान इतिहासात गेला. ज्यांच्या दारात वैद्यही शिरला नाही, त्यांचे मरण कुणी लिहिले नाही.

सावित्रीमाई गेल्या म्हणून ही रीत संपली काय? नाही. बत्तीस वर्षांनी, १९२९ साली, काठेवाडात एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. नगरशेठची मध्यस्थी झाली तेव्हा वस्तीबाहेर येऊन बघतो म्हणाला. त्याने तापमापक एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या हातात, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात डॉक्टरने तो लांबून वाचला. ती बाई गेली. बाबासाहेबांनी ही हकीगत आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. तिथे डॉक्टर होता, औषध होते. शिवणारा हात नव्हता.

आणखी एक नाते सांगतो. प्लेगनंतर १८९८ साली मुंबई सुधारण्यासाठी सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्याने दाट वस्त्या पाडल्या आणि काही चाळी बांधल्या. त्यातल्याच परळच्या एका चाळीत बाबासाहेब पुढे कितीतरी वर्षे राहिले. ज्या जोतीरावांना बाबासाहेबांनी गुरू मानले, त्यांच्या सहचारिणीला नेणाऱ्या साथीतून ती चाळ उभी राहिली.

हे सगळे आम्ही का लिहिले ते आता सांगतो. २०२० साली कोरोना आला. तेव्हाही सगळे म्हणाले, रोगाला जात नाही. इंग्लंडात त्याच वर्षी सरकारी अहवालाने दाखवून दिले की काळे आणि आशियाई लोक गोऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात मेले. अमेरिकेतही काळ्यांचे तेच झाले. कारण तेच, जे १८९७ साली होते. दाटीची घरे, आणि बाहेर पडून करावी लागणारी कामे. आपल्याकडे ज्यांना घरात बसता आले ते बसले. हजारो मजूर बायकापोरांसह पायी गावाला निघाले. झाडूवाले आणि रुग्णालयातले सफाई कामगार मात्र रोज कामावर गेले.

त्यात आपल्या चाळीतला एक भाऊ होता. नाव लिहीत नाही, पण त्याची परवानगी घेतली आहे. तो एका रुग्णालयात सफाईला होता. पहिले काही दिवस आपण सर्वांनी गच्चीत उभे राहून थाळ्या वाजविल्या. मग त्याच्या वॉर्डात कोरोनाचे रोगी आल्याचे कळले. चाळीत बैठक झाली. त्याने घरी येऊ नये असे ठरले. त्याच्या बायकोने सार्वजनिक नळावर सगळ्यांचे पाणी भरून झाल्यावर शेवटी यावे असेही ठरले. विहार सरकारी हुकमाने बंद होता. तो भाऊ पंधरा रात्री विहाराच्या ओट्यावर झोपला. आत सावित्रीमाईंची तसबीर, बाहेर तो. त्या बैठकीत आम्ही हजर होतो. आम्ही विरोध केला नाही. घरात लहान नातू आहे, असे मनाला सांगितले आणि मान खाली घातली. जातीवर बोलायला आम्ही कुठल्याही व्यासपीठावर उभे राहतो, पण पाण्याची पाळी शेवटी लावणारे त्या दिवशी आपणच होतो. भीती खोटी नव्हती. पण सावित्रीमाईंनाही प्लेगची भीती असेलच ना? त्यांनाही नातेवाईक होते, मुलगा होता.

तो भाऊ आजारी पडला नाही, सुखरूप आहे. आजही विहारात झाडलोट करतो आणि ३ जानेवारीला तसबीर पुसून तोच ठेवतो. त्याने आम्हाला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. म्हणूनच आम्हाला जास्त लागते.

तेव्हा कार्यकारिणीपुढे आणि वस्तीपुढे आमची एक सूचना आहे. विहाराच्या मागची जी खोली आपण खुर्च्या आणि मंडपाचे सामान ठेवायला वापरतो, ती रिकामी करावी. तिथे दोन खाटा, पाण्याची सोय, औषधाचे कपाट असावे. पुन्हा साथ आली तर कामावर जाणाऱ्या आपल्या माणसाला ओट्यावर झोपावे लागू नये. खोलीला सावित्रीमाईंचे नाव द्यावे. भांडीकुंडी देणगीत येतातच, पण रात्री उठून रोग्याला पाणी देणाऱ्या चार तरुणांची आणि चार भगिनींची नावे आधी लिहून घ्यावीत. पहिले नाव आमचे लिहावे. वय झाले असले तरी पाणी द्यायला हात चालतात.

यंदापासून ३ जानेवारीप्रमाणे १० मार्चलाही आपण विहारात जमावे. मुंढव्याच्या त्या लेकराला पाठीवर घेऊन चाललेल्या आपल्या माईला आमचे विनम्र अभिवादन.

जयभीम! नमो बुद्धाय!